वाचकांचे प्रश्न : न मागितलेली वर्गणी

या वेळी निवडलेली चारही पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आली आहेत. ज्याला आपण जाणतेपणी होकार दिला नव्हता त्याचे पैसे आपल्या खात्यातून गेले किंवा जाण्याची वेळ आली, ही चौघांच्याही पत्रांमागची व्यथा आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न बहुतेकांना लागू पडणारे असल्याने त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे. लेखकांची आणि दुकानांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून सांगलीत विश्रामबाग भागात राहते. श्रावणात गुडघेदुखीसाठी एका ऑनलाइन दुकानातून पट्टा मागवला. त्याची किंमत ६४९ रुपये होती. पण शेजारी मोठ्या अक्षरांत ‘सभासदांसाठी ५४९’ असे लिहिले होते आणि पंधरा दिवसांचे सभासदत्व केवळ एक रुपयात मिळत होते. मी यूपीआयचा पिन टाकला, चार दिवसांत पट्टा घरी आला आणि व्यवहार संपला असे समजले. संक्रांतीनंतर यजमानांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणले, तेव्हा दर महिन्याच्या २० तारखेला २९९ रुपये वजा झालेले दिसले. असे पाच हप्ते गेले होते. मी त्याच दिवशी ते ॲप मोबाइलमधून काढून टाकले, तरी पुढच्या आठवड्यात सहावा हप्ता गेला. दुकानाचा दूरध्वनी लागत नाही आणि लेखी विचारले की ‘आपली विनंती नोंदवली आहे’ एवढेच उत्तर येते. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, “आई, सोडून दे, पुन्हा तिथून काही मागवू नकोस म्हणजे झाले.” तीस वर्षे मुलांना हिशेब शिकवला आणि माझाच हिशेब चुकला, याची फार लाज वाटते. पिन मीच टाकला होता, तेव्हा चूक माझीच मानायची का? पैसे परत मिळतील का? आणि हे थांबवायचे कसे?

उत्तर : बाई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण २० तारीख पुन्हा येणार आहे आणि दुकानाशी वाद घालण्यापूर्वी खात्याचे दार बंद करणे अधिक निकडीचे आहे.

ज्या यूपीआय ॲपमध्ये तुम्ही पिन टाकला होता तेच ॲप उघडा. त्यात तुमच्या स्वतःच्या माहितीच्या पानावर किंवा पेमेंटच्या पर्यायांत ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो. तेथे आपल्या खात्यातून आपोआप पैसे घेण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे, किती रकमेची दिली आहे आणि पुढचा हप्ता कधी जाणार आहे, हे दिसते. दुकानाचे नाव तेथे जसेच्या तसे नसेल, तर २९९ हा आकडा आणि २० ही तारीख यांवरून नोंद ओळखा. त्या नोंदीपुढे काही ॲपमध्ये ‘स्थगित’ आणि ‘रद्द’ असे दोन पर्याय असतात. स्थगित केलेली परवानगी पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून ‘रद्द’ हाच निवडावा. रद्द करताना पिन विचारला जातो, त्याने घाबरून जाऊ नका. रद्द झाल्याचा संदेश आला की त्याचे छायाचित्र जपून ठेवा. नोंद सापडलीच नाही, तर पासबुक घेऊन शाखेत जा, या खात्यावरील अमुक परवानगी रद्द करावी असा साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

ॲप काढून टाकल्यावरही पैसे गेले, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण ही चूक सुशिक्षित माणसांकडूनही सर्रास होते. आपल्या भागात पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा माणूस रोज दुकानाच्या दारात येतो, आपण त्याच्या हातात पैसे देतो आणि तो पुस्तकात नोंद करतो. ज्या दिवशी द्यायचे नसतील त्या दिवशी नुसती मान हलवली तरी पुरते. ऑटोपेमध्ये दारात कोणीच येत नाही. तुम्ही परवानगी दिली ती तुमच्या बँक खात्यावर नोंदलेली आहे, मोबाइलमधील ॲपवर नव्हे. म्हणून ॲप गेले तरी परवानगी खात्यावर तशीच राहते आणि ठरलेल्या तारखेला दुकान तिचा वापर करते. प्ले स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्यांचेही असेच आहे. ॲप काढल्याने त्या बंद होत नाहीत. स्टोअरमध्ये स्वतःच्या नावाखाली ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ या भागात जाऊन त्या वेगळ्या बंद कराव्या लागतात.

आता तुम्हाला सर्वाधिक टोचणारा प्रश्न. पिन मीच टाकला, मग चूक माझीच का? माझे स्पष्ट मत असे आहे की तुमचा हिशेब चुकलेला नाही. तुमच्यापुढे अर्धाच हिशेब मांडण्यात आला होता. आपल्याकडे दुधाचा रतीब लावताना किती दूध, कोणत्या दराने आणि पैसे कधी द्यायचे हे आधी बोलून घेतले जाते, आणि रतीब नको असेल तर ‘उद्यापासून नको’ एवढे सांगितले की तो थांबतो. मासिकाच्या वर्गणीची जुनी रीत तर याहूनही ग्राहकाच्या बाजूची होती: वर्ष संपले आणि वाचकाने पैसे पाठवले नाहीत, तर अंक बंद होई. वाचकाचे गप्प राहणे म्हणजे नकार, असे दोन्ही बाजू धरून चालत. तुमच्याशी झालेल्या व्यवहारात हा अर्थ उलटा करण्यात आला. तुम्ही गप्प राहिलात याचा अर्थ तुम्हाला सभासदत्व हवे आहे, असा लावला गेला. आणि तसा तो लावला जाणार आहे, हे ज्या पानावर सांगायला हवे होते तेथे ‘एक रुपया’ मोठ्या अक्षरांत आणि ‘त्यानंतर दरमहा २९९’ कोठेतरी बारीक अक्षरांत होते, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याखाली जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्य नियम लागू झाले. त्यांत असे बंधन आहे की विक्रेत्याने ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट आणि प्रत्यक्ष कृतीतूनच नोंदवावी. आधीपासून खूण केलेल्या चौकटीसारख्या मार्गाने ती आपोआप नोंदवू नये. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवण्यासाठी किंवा त्याच्या मनाविरुद्ध वळवण्यासाठी संकेतस्थळाची जी रचना केली जाते तिला हे नाव आहे आणि तत्त्वांच्या परिशिष्टात अशा तेरा प्रकारांचे वर्णन आहे. त्यांतील एक प्रकार वर्गणीच्या सापळ्याचा आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, त्याविषयीच्या सूचना संदिग्ध ठेवणे आणि मोफत सेवेसाठीही आपोआप पैसे वजा करण्याची परवानगी घेण्याची सक्ती करणे, या गोष्टी त्यात मोडतात. तुम्ही लिहिले आहे की दुकानाचा दूरध्वनी लागत नाही आणि लेखी विनंतीलाही ठोकळेबाज उत्तर मिळाले. तुमच्या तक्रारीत हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

त्याचबरोबर समोरची बाजू काय म्हणेल, हेही तुम्हाला आधी ठाऊक असले पाहिजे. दुकान म्हणेल की पिन टाकण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर परवानगीची रक्कम आणि तिची वारंवारता दाखवली होती. हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असू शकते. म्हणून तुमची तक्रार ‘माझ्या नकळत कोणी तरी पैसे चोरले’ अशी लिहू नये. तसे लिहिले तर बँक नोंदी तपासून पिन तुमचाच आहे एवढे दाखवील आणि प्रकरण तेथेच मिटवील. तक्रार अशी लिहावी की वस्तू खरेदी करताना एक रुपयाच्या सवलतीच्या आडून दरमहाच्या वर्गणीची संमती घेण्यात आली, ती संमती जाणतेपणी दिलेली नाही, आणि लक्षात आल्यावर वर्गणी बंद करू दिली नाही. हे सत्यही आहे आणि कायद्याच्या भाषेत बसणारेही आहे.

पुरावा गोळा करण्याचे काम आजच करा. पट्ट्याचे बिल, ई-मेल आला असल्यास तो, पासबुकातील सहाही नोंदी आणि दुकानाने पाठवलेली लेखी उत्तरे एकत्र ठेवा. घरातील कोणाची तरी मदत घेऊन त्या दुकानात एखादी वस्तू पैसे भरण्याच्या पानापर्यंत न्यावी, पैसे भरू नयेत, आणि सभासदत्वाचा मजकूर कोठे आणि किती बारीक दिसतो याची छायाचित्रे घ्यावीत. पान कधीही बदलले जाऊ शकते, म्हणून उशीर नको.

मोबाइलमधील जुने संदेशही एकदा शांतपणे वाचा. आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डांकरिता नियम केले, जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लागू केले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांत न बसणारे व्यवहार थांबवले. या नियमांप्रमाणे प्रत्येक हप्त्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे; तीत कोणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे असले पाहिजे आणि तो हप्ता किंवा पूर्ण परवानगी नाकारण्याची सोय असली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही, म्हणून तुमचे २९९ रुपये दर महिन्याला न विचारता गेले. ही मर्यादा आधी ५,००० होती, ती जून २०२२ मध्ये वाढवली गेली. अशी पूर्वसूचना तुम्हाला एकदाही आली नसेल, तर तो बँकेच्या बाजूचा दोष आहे आणि त्याची तक्रार बँकेकडे स्वतंत्रपणे करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. सूचना आल्या होत्या पण वाचल्या गेल्या नाहीत असे निघाले, तर बँकेला दोष देऊ नका; दुकानाविरुद्धची तुमची तक्रार त्यामुळे संपत नाही.

पैसे परत मिळण्याच्या दृष्टीने पहिले पत्र दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जावे. प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने असा अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. पत्र लहान असावे: कोणत्या तारखेला काय खरेदी केले, कोणत्या तारखांना किती रक्कम गेली, पहिल्या पंधरा दिवसांनंतर सभासदत्वाचा कोणताही लाभ घेतलेला नाही, परवानगी अमुक दिवशी रद्द केली आहे आणि सहा हप्त्यांचे १,७९४ रुपये त्याच खात्यात परत करावेत. ‘लाभ घेतलेला नाही’ हे वाक्य विसरू नका, कारण सेवा वापरली नाही हे दुकानाच्या स्वतःच्या नोंदींतूनच सिद्ध होते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी संपर्क साधून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते. परंतु तेथे मराठीतही बोलता येते आणि नोंदीचा क्रमांक मिळतो, तो पुढे उपयोगी पडतो.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला एक मोठी सोय दिली आहे, ती अशी की दुकानाचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे तुम्हाला सांगलीबाहेर जावे लागणार नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सहाही हप्ते परत मिळतीलच, असे वचन मी देऊ शकत नाही. मात्र कागदपत्रे नीट लावलेली असतील तर तुमची बाजू मजबूत आहे, हे मी विश्वासाने सांगतो.

मुलाने दिलेला सल्ला तुमच्या काळजीपोटी आहे, हे मी जाणतो. तरीही तो मानू नका. २९९ ही रक्कम माणसाने सोडून द्यावी इतकीच ठेवलेली असते. ती ३,००० असती तर कोणीही पहिल्याच महिन्यात बँकेत धावला असता. आणि लाजेविषयी एकच सांगतो: तुमच्या यजमानांनी पासबुक भरून आणले नसते, तर हे आणखी वर्षभर चालले असते. पासबुक वाचणाऱ्या घरात हिशेब चुकला असे कोणी म्हणू नये.

प्रश्न : मी मिरजेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, माझे घर आटपाडी तालुक्यात आहे. सराव परीक्षांच्या एका संकेतस्थळावर ‘सात दिवस मोफत’ असे दिसले. नोंदणीसाठी कार्ड मागितले, म्हणून वडिलांच्या डेबिट कार्डाची माहिती भरली. त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी मला वाचून दाखवला आणि दोन रुपये गेले. आठव्या दिवशी वर्षाच्या वर्गणीचे १,९९९ रुपये गेले. आदल्या दिवशी वडिलांना एक इंग्रजी संदेश आला होता, पण त्यांना तो जाहिरात वाटला. ते पैसे डाळिंबाच्या फवारणीसाठी ठेवलेले होते. संकेतस्थळ म्हणते की नियमांत ‘परतावा नाही’ असे लिहिले आहे. आता काय करता येईल?

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, कारण ज्या पैशांना घरात आधीच काम ठरलेले असते त्यांचे जाणे आकड्यापेक्षा मोठे असते. सर्वप्रथम संकेतस्थळावर जाऊन वर्गणीचे नूतनीकरण बंद करा आणि त्यानंतर वडिलांच्या बँकेच्या नेटबँकिंगमधून किंवा शाखेतून कार्डावरील परवानगी रद्द करून घ्या. यंदाची रक्कम गेली तरी परवानगी जिवंत राहिली, तर पुढच्या वर्षी याच सुमारास पुन्हा १,९९९ रुपये जातील.

परताव्यासाठी आजच लेखी मागणी करा. वर्गणी सुरू झाल्यानंतर एकही सराव परीक्षा दिलेली नसेल, तर तसे तारखेसह लिहा, आणि यापुढे त्या खात्यात प्रवेश करून काही वापरू नका. ‘परतावा नाही’ हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलेले आहे. ते लिहिल्याने ग्राहकाचा तक्रारीचा हक्क संपत नाही. मोफत सेवेसाठी पैशांची माहिती किंवा आपोआप वजावटीची परवानगी सक्तीने घेणे, हे वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या तत्त्वांत वर्गणीच्या सापळ्याचे एक लक्षण म्हणून नोंदलेले आहे, त्याचा आधार घ्या. मात्र तुमची बाजू बाईंच्या प्रकरणाइतकी भक्कम नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पूर्वसूचना आलेली होती आणि सात दिवसांनंतर पैसे जातील, हे बहुधा पानावर लिहिलेले असणार. सेवा वापरलेली नाही आणि तक्रार तत्काळ केली, या दोन गोष्टी तुमच्या बाजूने सर्वाधिक बोलतील.

ओटीपीविषयी थोडे अधिक लिहितो. वडिलांनी तुम्हाला फक्त अंक वाचून दाखवले. संदेशात त्या अंकांच्या मागेपुढे काय लिहिले होते, ते तुम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. परवानगी देताना पडद्यावर तीन गोष्टी पाहायच्या असतात: एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम जाऊ शकते, किती दिवसांनी जाऊ शकते आणि परवानगी कधी संपते. आज दोन रुपये जाणार असले, तरी कमाल रकमेच्या जागी हजारांचा आकडा असेल, तर तो दोन रुपयांचा व्यवहार नाही. पुन्हा कधी अशी मोफत मुदत घ्यायचीच झाली, तर सातव्या दिवसाची वाट पाहू नका. नोंदणी केली त्याच दिवशी नूतनीकरण बंद करून टाका. बऱ्याच सेवांमध्ये त्यानंतरही मोफत मुदत शेवटपर्यंत वापरता येते. घरी जाल तेव्हा ‘मँडेट’, ‘ऑटोपे’ आणि ‘डेबिट’ हे शब्द इंग्रजीत कसे दिसतात ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वडिलांच्या फोनच्या जागेजवळ लावा, आणि यांपैकी एक जरी शब्द संदेशात दिसला तर २४ तासांच्या आत तुम्हाला फोन करायला सांगा. सांगूनही त्यांना संकोच वाटेल. म्हणून अधूनमधून तुम्हीच विचारत जा.

प्रश्न : कराडहून मुंबईला नेहमी जावे लागते. बसचे तिकीट ज्या ॲपवरून काढतो त्यात दर वेळी प्रवास संरक्षणाचे काही रुपये आणि दानाचे दहा रुपये आपोआप धरलेले असतात. मी ते कधी काढतो, कधी घाईत राहून जातात. हे नियमात बसते का?

उत्तर : बसत नाही. ग्राहकाने न निवडलेली वस्तू, सेवा किंवा देणगी बिलात परस्पर घालणे, हा त्या तेरा प्रकारांपैकीच एक आहे आणि संमती आपोआप नोंदवण्यास २०२० च्या नियमांतही मनाई आहे. दान घेण्यास हरकत नाही, ते मागून घ्यावे. पुढच्या वेळी तिकीट काढताना ती खूण आधीपासून केलेली दिसेल, त्या क्षणीच पडद्याचे छायाचित्र घ्या आणि १९१५ वर तक्रार नोंदवा. रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नका. एकाच ॲपविरुद्ध अशा अनेक नोंदी झाल्या की त्या रचनेकडे प्राधिकरणाचे लक्ष जाण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : मी वाईला राहते. एका चित्रपटांच्या ॲपची वर्गणी बंद करायची होती, म्हणून इंटरनेटवर त्यांच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला. फोनवरील माणूस फार गोड बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला सांगितले, म्हणजे माझा पडदा पाहून तो वर्गणी बंद करून पैसेही परत देईल. ॲप घेतले, पण त्याने पिन टाकायला सांगितल्यावर शंका आली आणि मी फोन बंद केला. पैसे गेलेले नाहीत. तरी झोप लागत नाही. काही धोका उरला आहे का?

उत्तर : ताई, तुम्ही योग्य क्षणी थांबलात. तो माणूस त्या कंपनीचा नव्हता, असेच धरून चला. त्याने दिलेले ॲप आत्ताच्या आत्ता काढून टाका आणि ते निघेपर्यंत मोबाइलचे इंटरनेट बंद ठेवा. नंतर यूपीआयचा पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. हे दुसऱ्या विश्वासू फोनवरून किंवा शाखेत जाऊन केलेत तर अधिक चांगले. काही दिवस खात्याच्या नोंदी रोज पाहा. एक रुपयाही अनोळखी नावाने गेलेला दिसला, तर त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्यात जितका वेळ कमी जाईल तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

पिनबाबत तुमचा गोंधळ होणे अगदी स्वाभाविक होते. पैसे परत मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. परंतु ऑटोपेची परवानगी रद्द करताना तो विचारला जातो. पहिली गोष्ट लोकांना ठाऊक झाली आहे, दुसरी फारशी नाही, आणि वर्गणी बंद करण्याच्या नावाखाली पिन मागणारा माणूस नेमका याचाच फायदा घेतो. फरक असा लक्षात ठेवा: परवानगी तुम्ही स्वतः, स्वतःच्या यूपीआय ॲपमध्ये, कोणाचाही फोन चालू नसताना रद्द करायची असते. दुसरा माणूस तुमचा पडदा पाहत असेल, तर तो कोणीही असो, पिन टाकू नये.

तुमची चित्रपटांची वर्गणी अजून बंद झालेली नाही. ती वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या मार्गाने यूपीआयच्या किंवा प्ले स्टोअरच्या यादीतून आजच बंद करा. कंपनीशी बोलायचेच असेल, तर इंटरनेटच्या शोधात सापडलेला क्रमांक वापरू नका. त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा तुम्हाला आलेल्या बिलावर जो क्रमांक असेल तोच घ्या. ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने ग्राहक सेवेचा आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क स्वतःच्या व्यासपीठावर स्पष्ट दिसेल असा देणे नियमाने आवश्यक आहे. तेथे तो नसेल, तर तेवढी एक बाबसुद्धा १९१५ वर तक्रार करण्यास पुरेशी आहे.